वन्समोअरचा हिशेब : बालगंधर्वांची कारकीर्द

बालगंधर्वांवरचा कुठलाही लेख टिळकांच्या किश्शाने सुरू होतो. पुण्यात लहानग्या नारायण राजहंसाचं गाणं लोकमान्यांनी ऐकलं, "हा तर बालगंधर्व" असे उद्गार काढले आणि नाव कायमचं चिकटलं. किस्सा गोड आहे. पण ही कारकीर्द घडली कशी आणि पुढे मोडली का, हे समजायला त्याचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी १९०१ सालाकडे जावं लागतं, कारण त्या वर्षी किर्लोस्कर नाटक मंडळीचे गायक नट भाऊराव कोल्हटकर वारले.

मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्येच गेले होते. त्यांच्यामागे किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली ती बऱ्याच अंशी भाऊरावांच्या गळ्यावर. मंडळीकडे पडदे होते, पेटारे भरून कपडे होते, 'शाकुंतल', 'सौभद्र', 'शारदा' अशी चालती नाटकं होती, आचारी-पाणक्यांसकट पोसायचं मोठं बिऱ्हाड होतं. फक्त ज्या आवाजासाठी लोक तिकीट काढत तो आवाज उरला नव्हता. अशा मंडळीचा खर्च एका दिवसानेही थांबत नाही, उत्पन्न मात्र लगेच घसरतं. चार वर्षं हे असंच चाललं.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. कानाच्या दुखण्यावर उपचारासाठी शाहू महाराजांनी या मुलाला मिरजेला डॉक्टर वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलात धाडलं आणि तिथेच किर्लोस्कर मंडळीशी गाठ पडली, असं सांगतात. १९०५ मध्ये तो मंडळीत दाखल झाला आणि मिरजेलाच शकुंतलेच्या वेषात पहिल्यांदा उभा राहिला. वय १७. वयाचा हा आकडा महत्त्वाचा आहे. स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारा, मुलगा नाटक मंडळीत साधारण दहा-बाराव्या वर्षी येई, आवाज फुटेपर्यंत गाई आणि आवाज फुटला की एक तर पुरुष भूमिकांकडे वळे किंवा पडद्याआड जाई. राजहंस आले तेच आवाज फुटून स्थिरावल्यावर. त्यामुळे मालकांना जो गळा दिसला तो पुढची २५-३० वर्षं टिकणारा होता. भांडवल गुंतवायला याहून भरवशाची गोष्ट नव्हती.

हा गळा बायकी नव्हता, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. चोरटा आवाज लावून, गळा आवळून बाईसारखं गाण्याचा प्रकार त्यांनी केला नाही. त्यांचा स्वर पुरुषाचाच आहे, फक्त त्याला धार नाही. भाऊरावांची ख्याती उंच, पहाडी आवाजाची आणि शेवटच्या रांगेवर जाऊन आदळणाऱ्या तानेची. राजहंसांनी त्या वाटेला न जाता शब्द धरला. व्यंजन अलगद सोडायचं, स्वर मोकळा ठेवायचा, ओळीच्या शेवटी श्वास न तोडता आवाज विरत न्यायचा. ध्वनिवर्धक नसलेल्या थिएटरात असं गाऊनही शेवटच्या माणसाला अक्षर न् अक्षर कळावं, यातलं कसब तानेच्या कसबाहून कमी नाही. माझ्या मते जास्तच.

आता पदांचा हिशेब. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त दोनशेहून अधिक पदं आहेत. एका पदाला दोन मिनिटं धरली तरी नुसत्या गाण्याचे जवळजवळ सात तास होतात. तेव्हा ती पदं लांब असणं शक्यच नव्हतं. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत या वृत्तांत आणि ओळखीच्या बायकी किंवा कानडी चालींत बांधलेलं पद म्हणजे सुरांत बोललेला संवाद होता. एक प्रश्न गाण्यात, त्याचं उत्तर गाण्यात, की लगेच गद्य सुरू. ताना घ्यायला जागाच नसे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमाना'त पदं पन्नासच्या आसपास आली. १२ मार्च १९११ ला हे नाटक मुंबईत लागलं. पदांची संख्या चौथाईवर आली, रात्र मात्र तेवढीच राहिली. म्हणजे प्रत्येक पदाच्या वाट्याला आपोआप तिप्पट-चौपट वेळ आला. या मोकळ्या वेळात काय भरायचं, हा प्रश्न गोविंदराव टेंब्यांनी सोडवला. ते स्वतः नामांकित पेटीवादक. ठुमरी, कजरी, होरी, दादरा असा पूरबी बाज त्यांच्या बोटांत होता. या चालींचा गुण असा की एकच ओळ दहा वेळा म्हटली तरी दहा वेगळे भाव निघतात, आणि तेच त्यांचं काम असतं. 'नाही मी बोलत नाथा' घ्या. नायिका भामिनीचा लटका रुसवा एवढाच त्याचा विषय. पण 'नाही'वर थांबलं की हट्ट, 'बोलत'वर रेंगाळलं की आर्जव, 'नाथा'वर हलकी हरकत घेतली की सगळा रुसवा खोटा असल्याची कबुली. तीन शब्दांत एक प्रवेश उभा राहतो. बालगंधर्वांच्या गळ्याला ही बांधणी अशी बसली की पुढे खाडिलकरांनी त्यांच्यासाठी देवयानी, रुक्मिणी, द्रौपदी, मेनका अशा नायिकांची मालिकाच लिहिली.

'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची तान्ही मुलगी दगावली आणि तरीही त्यांनी प्रयोग केला, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. ती त्यागाची गोष्ट म्हणून सांगतात. तिची दुसरी बाजूही पाहावी. नाटक नवं, पैसा गुंतलेला, थिएटरचं भाडं ठरलेलं, तिकिटं गेलेली, आणि भामिनीला बदली माणूस नाही. एका माणसावर उभ्या असलेल्या मंडळीत त्या माणसाला रजा नसते.

त्याच वर्षी 'मानापमान'च्या नायकाची, धैर्यधराची, भूमिका करणारे नानासाहेब जोगळेकर वारले आणि मंडळीतली जुनी घडी विसकटली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि ५ जुलैला गंधर्व नाटक मंडळी निघाली. गायक नट, गद्याचा पहिल्या प्रतीचा नट आणि संगीतकार अशी ही भागीदारी. कागदावर यापेक्षा चांगली जुळणी सुचणार नाही. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रयही मिळाला. भागीदारी मात्र टिकली नाही. टेंबे लवकर बाहेर पडले, बोडस काही वर्षांनी. कारणं अनेक सांगतात, पण रचनेतच एक दोष होता. तिघे भागीदार असले तरी तिकीट एकाच्याच नावावर खपत होतं, आणि तो एक जण पैशाच्या बाबतीत कुणालाच, मुख्य म्हणजे स्वतःलाही, नाही म्हणत नव्हता.

१० डिसेंबर १९१६ ला 'स्वयंवर' आलं. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. इथे मामला बदलतो. टेंब्यांनी ठुमरी आणली, बुवांनी ख्याल आणला. 'नाथ हा माझा' यमनात, 'मम आत्मा गमला' बिहागात, 'स्वकुलतारकसुता' भीमपलासीत, 'सुजन कसा मन चोरी' भूपात. प्रत्येक पद म्हणजे रागाची छोटी, पूर्ण मांडणी. अडचण अशी की ख्यालात शब्द मागे पडतो आणि नाटकात शब्द मागे पडून चालत नाही. नायिका रुक्मिणी काय म्हणते आहे हे कळलं नाही तर पुढचा प्रवेश अधांतरी राहतो. बालगंधर्वांनी यावर काढलेला तोडगा कुठल्याही होतकरू गायकाने वहीत उतरवून घ्यावा असा आहे. पहिल्या आवर्तनांत पदाची पहिली ओळ जवळजवळ सरळ म्हणायची, अर्थ पोचवायचा. मग ओळीचा तुकडा घेऊन लयीशी खेळायचं, पण मुखडा, म्हणजे पदाचा सुरुवातीचा तुकडा, ओळखू येईल असाच ठेवायचा. छोटी तान अक्षराच्या पोटातून काढायची, आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, सुटी करायची नाही. आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं ते धाडकन न येता किंचित सावरून, जणू समच पुढे होऊन भेटली. यातली तिसरी गोष्ट सोडली की नाट्यपदाचा ख्याल होतो. आजच्या मैफलींत नेमकं हेच होतं. पद सुरू होतं, मिनिटभरात आकाराच्या ताना लागतात आणि रुक्मिणी कुठल्या कुठे जाते.

साथीचा भागही तितकाच विचाराने उभा केलेला होता. आधीच्या नाटकांत पायपेटी असे. गंधर्व मंडळीने ऑर्गन आणला. ऑर्गनमध्ये दोन्ही पायांनी भाता चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि सूर अखंड भरलेला राहतो. गायकाने शब्द अर्ध्यावर सोडला तरी मागे पोकळी पडत नाही, आणि बालगंधर्वांची गायकी तर शब्द अर्ध्यावर सोडण्यावरच होती. पण ऑर्गनचा एक दोष कायमचा. त्याचे स्वर समान अंतरांत बांधलेले. शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा, शुद्ध धैवत सुमारे १६ सेंट चढा. एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट, यावरून अंदाज यावा. द्रुत पदात हे कानाला लागत नाही. यमनाचा गंधार लांबवला की लागतं. शिवाय मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, ऑर्गनवर निघतच नाही. म्हणून सारंगी हवीच. ऑर्गनने जमीन धरायची आणि दोन स्वरांमधली वाट सारंगीने दाखवायची. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा, ही जोडी पुढे मंडळीत होती. थिरकवांसारखा तबलजी नाटक मंडळीच्या पगारावर असणं म्हणजे काय, हे तबल्याशी संबंध असलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

हे सगळं सामान गावोगाव रेल्वेने आणि बैलगाड्यांनी जायचं, हेही विसरू नये. पावसाळी हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, भात्याचं चामडं उलतं आणि सूर हवा सोडल्यासारखा बसतो. पितळी जिभळीवर धूळ बसली की एखादा स्वर मुका होतो किंवा नुसता खरखरतो. मुक्कामाला पोचल्यावर पेटारे उघडण्याआधी वाद्यं उघडणं भाग असे.

मग वन्समोअर. आज हा शब्द कौतुकाचा वाटतो. तेव्हा तो कामाचा भाग होता. पद संपलं की पिटातून आरोळी येई आणि नट प्रसंगातून बाहेर न पडता पुन्हा पदाच्या सुरुवातीला जाई. यातल्या अडचणी कुणी फार बोलत नाही. समोरचा नट काय करणार? रुक्मिणी गात असताना तिचा भाऊ किंवा दासी वीस मिनिटं एकाच जागी उभी. हालचाल केली तर गाण्यावरचं लक्ष उडतं, केली नाही तर पुतळा दिसतो. अनुभवी नट अशा वेळी अर्धवट प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहत, म्हणजे चेहऱ्यावर भाव धरून ठेवायची सक्ती नाही. प्रॉम्प्टरला पुढच्या गद्याच्या ओळीवर बोट ठेवून थांबावं लागे, कारण तिसऱ्या वन्समोअरनंतर कुणाला काय बोलायचं हे हमखास विसरतं. आणि गायकाला तेच पद दुसऱ्यांदा पहिल्यासारखं म्हणून भागत नसे. लोक पुन्हा मागत ते नव्या जागांसाठीच.

टीका झाली, ती रास्त होती. नाटक थांबतं, काळाचं भान जातं, विरहात बुडालेली नायिका टाळ्या घेते. पण टीकाकार एक गोष्ट सहसा मोजत नाहीत, ती म्हणजे पैसा. रात्री नऊ-साडेनऊला उघडलेला पडदा पहाटेकडे पडू लागला की बत्त्यांचं तेल दुप्पट जळतं, साथीदार दमतात, थिएटरचा माणूस भाड्याच्या वेळेवरून कुरकुरतो. गल्ल्यात मात्र एक पैसाही वाढत नाही, कारण तिकीट आधीच विकलेलं. प्रेक्षकाला एका तिकिटात दोन रात्रींचं गाणं मिळे आणि त्या जास्तीच्या गाण्याची किंमत मंडळी मोजे. शिवाय असा गळा रोज लावता येत नाही. आठवड्याला सहसा तीनच खेळ होत, बुधवार, शनिवार, रविवार. उरलेले दिवस मंडळी जेवत होतीच.

खर्चाची दुसरी मोठी बाजू वेषाची. गंधर्व मंडळीत नायिकेचे शालू-पैठण्या खरे असत. मागे गालिचे खरे, अत्तर खरं. याला नुसती हौस म्हणणं अर्धवट आहे. तेव्हाचा उजेड लक्षात घ्या. वीज नसलेल्या गावांत गॅसच्या किंवा किटसन बत्त्या, आणि मंचाच्या कडेला खालून वर येणारे दिवे. खालचा उजेड चेहऱ्यावर उलट्या सावल्या पाडतो. हनुवटी आणि नाक रुंद दिसतं, डोळ्यांच्या खोबणी भरून निघतात, कापडाची घडी मात्र ठळक उठते. नकली जर या उजेडात पिवळट पत्र्यासारखी दिसते. खरी जर हलली की चमकते आणि स्थिर झाली की विझते. ज्या नटाचा अभिनय पदराच्या हालचालीवर आहे त्याला हा फरक परवडत नाही. रंगभूषेतही तीच गोष्ट. सफेदा, पिवडी, हिंगूळ यांचा थर जाड झाला की घामाने भेगा पडतात आणि पातळ झाला की दाढीची निळसर झाक खालून वर येते. स्त्रीपार्टीला तर दुसरी चूक अजिबात चालत नाही. म्हणून दाढी प्रयोगाच्या अगदी आधी, आणि थर दोन वेळा हलक्या हाताने. केसांचा टोप कपाळावर बसवताना कडा झाकायला केसांची पुढची पट्टी, बिंदी किंवा फुलं यांचा आधार घेतात. बालगंधर्वांच्या छायाचित्रांत ही युक्ती नीट पाहिली तर दिसते. त्यांची केशरचना आणि साडीची नेसण घरोघरच्या बायकांनी उचलली, पुरुषांत 'गंधर्व टोपी' चालली. या सगळ्या प्रसिद्धीचा रुपया मंडळीच्या वहीत आला नाही.

उलटं उदाहरणही त्यांचंच. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला वारले आणि महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीला बडोद्याला 'एकच प्याला' लागलं. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली, चालींना गायिका सुंदराबाईंचा हात. सुधाकर झालेले बोडस आणि सिंधू झालेले बालगंधर्व. इथे शालू नाही, ठिगळाचं लुगडं आहे. त्यांच्या नटपणाला कमी लेखणाऱ्यांनी ही भूमिका विचारात घ्यावी. भामिनी आणि रुक्मिणी गाण्यावर तरतात. सिंधू गद्यावर उभी आहे. दारूड्या नवऱ्याला बोल लावायचा नाही, पण त्याच्या वागण्याने आपण मोडत चाललो आहोत हे प्रेक्षकाला दिसू द्यायचं, हे गाऊन होत नाही. 'कशि या त्यजू पदाला' हे पद आर्त आहे, तरी त्यात ताना भरल्या की सिंधू मरते. ध्वनिमुद्रिकेतही त्यांनी इथे हात आखडता घेतलेला ऐकू येतो. बोडसांसारखा तोडीचा गद्यनट समोर असण्याचा हा फायदा होता, आणि बोडस मंडळी सोडून गेल्यावर तो कधीच भरून आला नाही.

१९२० मध्ये 'द्रौपदी' आलं आणि तिथे वही फाटली. मयसभेचा देखावा, कपडे, दागिने, सगळं खऱ्याच्या हट्टाने. नाटक गाजलं, पण गुंतवलेला पैसा परत यायला जेवढे प्रयोग लागले असते तेवढे आठवड्याला तीन खेळांच्या चालीने होणार कसे? १९२१ च्या सुमारास मंडळीचं कर्ज लाखांत गेलं होतं. कारभाऱ्यांनी फसवलं, मित्रांनी लुटलं, मालक भोळा, हे कारण घाऊकपणे सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण मालक चोख व्यवहारी असता तरी हा धंदा अशा खर्चावर दहा-पंधरा वर्षांपेक्षा जास्त टिकला नसता असं माझं मत आहे.

त्याच वर्षी, ८ जुलै १९२१ ला, मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं. ललितकलादर्श नाटक मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन मालक, दोन मंडळ्या, दोन गायकी. केशवराव चढ्या, आक्रमक गाण्याचे. बालगंधर्व मुरड घालणारे. पुढच्या जागांची तिकिटं शंभर रुपयांना गेली. कर्जात बुडालेला माणूस विक्रमी गल्ल्याचा खेळ करतो आणि तो पैसा फंडाला जातो, हे त्या वर्षाचं चित्र. केशवराव त्याच ऑक्टोबरच्या ४ तारखेला, ३१ व्या वर्षी, विषमज्वराने गेले.

कर्ज फेडायला चाहत्यांनी वर्गणी जमवायची तयारी दाखवली होती. बालगंधर्वांनी ती नाकारली आणि पुढची बरीच वर्षं गाऊन पैसे फेडले. मनाचा मोठेपणा खराच. पण त्याचा कलेवर झालेला परिणाम कमी सांगितला जातो. कर्जफेडीच्या काळात मंडळी खात्रीच्या नाटकांवर चालते, नव्यावर पैसा लावत नाही. 'सौभद्र', 'मानापमान', 'स्वयंवर', 'एकच प्याला' फिरून फिरून. या काळात नायकाच्या भूमिकांत विनायकराव पटवर्धन होते. १९२२ ते १९३२ अशी दहा वर्षं मंडळीत काढून ते पूर्णवेळ संगीतशिक्षणाकडे वळले. संगीताची बाजू मास्तर कृष्णरावांनी सांभाळली, आणि १९३१ च्या 'कान्होपात्रा'त त्यांनी दिलेलं संगीत हा कारकिर्दीतला शेवटचा मोठा वळसा. 'अगा वैकुंठीच्या राया', 'जोहार मायबाप जोहार' हे अभंग. चाळिशी ओलांडलेल्या गळ्याला आणि सुटलेल्या अंगाला साजेसं वळण होतं ते. शृंगारातल्या हरकती कमी, पुकार जास्त.

पण १९३१ हेच बोलपटाचंही वर्ष. आणि इथे साधा गुणाकार पुरतो. ज्या थिएटरात नाटकाचे आठवड्याला तीन खेळ होत, तिथे दिवसाला तीन या हिशेबाने सिनेमाचे एकवीस होतात. डब्यातल्या रिळाला जेवण लागत नाही, घसा बसत नाही, वन्समोअर मागता येत नाही. थिएटरमालक कुणाला जागा देणार, हे सांगायची गरज नाही. नाटकाच्या बाजूनेही जमीन सरकत होती. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये मंडळी काढून स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया आणल्या. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं. मोजकी गाणी, आटोपशीर वेळ, एकच खोलीचा देखावा, बाईच्या भूमिकेत बाई. पिटातल्या तरुण माणसाला हे पाहिल्यावर पहाटेपर्यंतची रुक्मिणी जुनी वाटू लागली.

बालगंधर्वांनी मंडळी बंद केली आणि प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथ झाले. हा १९३५ चा चित्रपट. प्रभातशी झालेला करार आणखी चित्रपटांचा होता, पण तो एकावरच आटोपला. चूक कुणाची म्हणायची? कॅमेऱ्यापुढे तुकड्यातुकड्याने काम चालतं. पद तीन मिनिटांत बसवायचं, समोर दाद नाही, आणि दादेवर पुढची जागा सुचणाऱ्या गायकाला दाद नसणं म्हणजे अर्धं वाद्य काढून घेणं. शिवाय लोकांनी ज्याला तीस वर्षं साडीत पाहिलं तो दाढी-धोतरात. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, तर रंगमंचावर पचणारी गोष्ट जवळच्या कॅमेऱ्याने उघडी पाडली. रंगमंचावर वीस फुटांचं अंतर हेही रंगभूषेचाच भाग असतं.

नंतर मंडळी पुन्हा उभी राहिली, गायिका-नटी गोहर कर्नाटकी आल्या, स्त्रीभूमिका त्यांच्याकडे गेल्या. उतारवय हलाखीचं गेलं, पाय निकामी झाले. पद्मभूषण १९६४ मध्ये मिळालं. १५ जुलै १९६७ ला पुण्यात ते वारले. या भागावर रडवं लिहिणारे पुष्कळ आहेत.

ऐकायचं असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. रंगमंचावर पंधरा-वीस मिनिटं चालणारं पद त्यात बसवलेलं आहे, म्हणजे आपण ऐकतो तो सारांश. वन्समोअरच्या जागा त्यात नाहीत. १९२५ नंतर विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधीच्या तबकड्या भोंग्यासमोर गायलेल्या. भोंग्याला मऊ आवाज पकडता येत नाही, म्हणून अशा तबकड्यांत ते ओढून, जोराने गाताना वाटतात. तो माध्यमाचा दोष, गळ्याचा नव्हे. ज्या विजेवरच्या मुद्रिका आपल्याला स्वच्छ ऐकू येतात त्यांतला आवाज १९११ च्या भामिनीचा नसून चाळिशीतल्या माणसाचा आहे, हेही धरून चालावं.

वेगाचीही भानगड असते. जुन्या तबकड्या अचूक ७८ फेऱ्यांनी कोरलेल्या असतीलच असं नाही. मूळ मुद्रण ७४ फेऱ्यांनी झालेलं असेल आणि आपण ७८ ने वाजवलं, तर स्वर जवळजवळ एक पट्टी, म्हणजे एक अर्धस्वर, चढतो, लय पाच टक्क्यांनी वाढते आणि आवाज उगाच बारीक, बायकी वाटू लागतो. बालगंधर्व बायकी आवाजात गात असा समज पसरायला इंटरनेटवरच्या अशा प्रतींनी हातभारच लावला आहे. तपासायचा सोपा उपाय म्हणजे तबल्याची चाटी, म्हणजे कडेवरचा आवाज, ऐकणं. ती टिनाच्या डब्यासारखी वाजत असेल तर वेग जास्त आहे. एकाच पदाच्या दोन-तीन प्रती शेजारी ठेवून ऐकल्या आणि ऑर्गनचा षड्ज पट्टीच्या अध्येमध्ये कुठेतरी येत असेल, तर वेग अर्धा-एक टक्क्याने कमी-जास्त करत तो जवळच्या पट्टीवर आणून बसवावा.

सुरुवात 'स्वकुलतारकसुता'पासून करावी. पहिल्यांदा फक्त शब्द ऐकायचे, दुसऱ्यांदा फक्त तबला, तिसऱ्यांदा मुखडा दर वेळी समेच्या आधी किती अंतरावर उचलला आहे ते बोटांवर मोजायचं. त्यानंतर 'जोहार मायबाप', आणि मग पुन्हा 'नाही मी बोलत नाथा'.